अर्धे फोन चालू, अर्धे बंद

गणपतीच्या आदल्या दिवशी गुहागर तालुक्यातल्या एका वाडीतून काकांचा फोन आला. "नेट आहे, पण चालत नाय. मुंबईची पोरं आलीत, सगळी वैतागलीत." आयटीआय संपवून मी नेट दुरुस्तीच्या कामाला लागलो त्याला जेमतेम तीन महिने झाले होते.

घर चिऱ्याचं. ओटीवर फायबरचा राउटर. खळ्यापलीकडे धाकट्या भावाचं घर, तिथे केबल नेऊन दुसरा राउटर लावलेला. एक कनेक्शन, दोन घरं, वीसेक फोन. पोचल्या पोचल्या मी मुख्य राउटरचं रिसेटचं बटण टाचणीने दाबून धरलं. ही माझी मोठी चूक. रिसेट म्हणजे बंद करून चालू करणं नव्हे. कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, वाय-फायचं नाव, सगळं पुसलं गेलं, आणि ते युजरनेम घरात कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं. ते मिळवून नेट परत सुरू होईपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. मूळ बिघाड तसाच. सेटिंगच्या पानांचे फोटो काढल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नका.

मग शांतपणे बसलो. राउटरवर एलओएसचा, म्हणजे फायबरमधून सिग्नल येत नसल्याचा, लाल दिवा असता तर बिघाड बाहेरच्या फायबरमध्ये, घरात शोधून उपयोग नसतो. तो नव्हता. लॅपटॉप केबलने थेट मुख्य राउटरला जोडला आणि तीन पिंग केले, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहिलं: आधी राउटरचा पत्ता 192.168.1.1, मग गूगलचा बाहेरचा सर्व्हर 8.8.8.8, मग एका वेबसाइटचं नाव. पहिलाच अडला तर दोष घरात. दुसरा अडला तर बहुधा राउटरच्या पुढे. फक्त नाव अडलं तर डीएनएस, म्हणजे नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा. इथे तिन्ही चालले, म्हणजे कनेक्शन ठीक होतं.

वहिनींचा फोन चालत होता, त्यांच्या मुलाचा नाही. दोन्ही शेजारी ठेवून वाय-फायच्या तपशिलात आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला त्या फोनचा क्रमांक, पाहिला. वहिनींचा 192.168.1 ने सुरू होणारा, मुलाचा 192.168.0 ने. तिथेच उलगडलं. पलीकडच्या राउटरला केबल लॅन पोर्टात, म्हणजे घरातली उपकरणं जोडायच्या खाचेत, लावली होती आणि त्याचं डीएचसीपी, म्हणजे फोनना आपोआप पत्ते वाटणारी सोय, चालूच होतं. पत्ते वाटणारे दोघे झाले. जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो, आणि पलीकडच्या राउटरचा घेतला तर बाहेरची वाट त्या राउटरकडे मागतो, ज्याच्याकडे ती नाहीच. म्हणून ओटीवर बसलेल्याचाही फोन अडायचा आणि वाय-फाय बंद-चालू केलं की कधीकधी चालायचा. (विंडोजच्या लॅपटॉपवर 169.254 ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर त्याला कुणीच पत्ता दिलेला नाही असं समजा.)

दुरुस्ती दहा मिनिटांची. खळ्यातली केबल काढली, लॅपटॉप दुसऱ्या राउटरला जोडला. मुख्य राउटर 100 पासून पुढचे पत्ते वाटत होता, म्हणून याला त्या वाटपाबाहेरचा 192.168.1.2 दिला. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करून डीएचसीपी बंद केलं, मग केबल परत लॅन पोर्टातच लावली. क्रम महत्त्वाचा आहे: डीएचसीपी आधी बंद केलंत तर लॅपटॉपला पत्ता मिळणार नाही, मग तो हाताने घालावा लागतो. केबल वॅन पोर्टात, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या खाचेत, लावूनही नेट चालतं, पण मग एका घरातल्या फोनला दुसऱ्या घरातला टीव्ही किंवा प्रिंटर सापडत नाही.

माजघरात तरीही रेंज कमीच होती. चिऱ्याच्या जाड भिंतीतून 5 गिगाहर्ट्झचं वाय-फाय फारसं जात नाही, 2.4 गिगाहर्ट्झचं बरं जातं; तिथल्या फोनना तेच लावून दिलं.

खळ्यातल्या केबलची मात्र मला काळजी वाटली. खाऱ्या हवेने जोडाच्या पट्ट्या हिरव्या पडल्या होत्या, त्या कापून नवे जोड लावले. पण दोन घरांमधली उघड्यावरची तांब्याची केबल विजांच्या दिवसांत दोन्ही राउटर जाळू शकते. काकांना सांगितलं, गडगडायला लागलं की ती दोन्हीकडून काढून ठेवा. दिवाळीनंतर तिथे फायबर ओढली, कारण काचेच्या तंतूतून वीज जात नाही; दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबरचा सिग्नल तांब्याच्या केबलसाठी बदलून देणारे डबे, लावून.