मृग लागायच्या आधी साइटवर उरकायची कामं

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, ऊन चढायच्या आत, प्लॉटच्या वरच्या अंगाला चालत जा. बावधन, सूस, आंबेगाव, कोंढवा, पुण्याच्या कडेला नव्या इमारती उभ्या राहतायत ती बरीचशी डोंगरउताराचीच जमीन. तिथे आपल्या हद्दीत शिरणारं पाणी पुष्कळदा आपलं नसतंच, वरच्याचं असतं. शेजारचा एखादा जुना शेतकरी सोबत असेल तर उत्तम. नकाशात ओढ्याची रेघ पुसट झाली असली तरी त्याच्या डोक्यात ती पक्की असते. नदीकाठचा प्लॉट असेल तर निळी आणि लाल पूररेषा (पहिली २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या) जागेवर खुंट्या मारून घ्या, नुसती ड्रॉइंगवर ठेवू नका. आणि ओढा पाइपात घालून वर रस्ता करू, असं कुणी सुचवलं तर २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबील ओढ्याच्या पुराने काय केलं ते त्याला विचारा.

मग हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. एका एकरात ४,०४७ चौरस मीटर, म्हणजे तासात ५० मिलिमीटर कोसळला तर दोन लाख लिटर. दहा हजारी टँकर धरले तर वीस. गवताळ जमीन यातलं बरंचसं पिते, स्लॅब आणि काँक्रीट जवळजवळ सगळं बाहेर ढकलतात. मोठा पाइप टाकून ते खालच्या सोसायटीच्या दारात सोडणं सोपं आहे, म्हणून सगळे तेच करतात. त्यापेक्षा टाकीत अडवा आणि लहान तोंडाने हळूहळू सोडा. लॉन रस्त्यापेक्षा वीतभर खाली ठेवायला सांगा. आर्किटेक्टला ते उंचच हवं असतं, तिथे थोडं भांडावं लागतं.

आता मुख्य काम. वरचं स्वच्छ पाणी आणि आपलं गढूळ पाणी एकमेकांना भेटू देऊ नका. खोदाई सुरू व्हायच्या आधी वरच्या हद्दीने चर मारा आणि ते पाणी बाजूने ओढ्यात काढून द्या. आमच्या एका साइटवर हा चर ‘पुढच्या आठवड्यात’ होता. जूनच्या पहिल्याच सरीत बेसमेंटच्या मातीचा ढीग वाहिला आणि खालच्यांच्या पार्किंगमध्ये घोट्यापर्यंत लाल चिखल. दोन दिवस आमचेच बिगारी तिथे फावडी घेऊन होते, शिव्या खात. तेव्हापासून ढीग उताराच्या वरच्या टोकाला, ओढ्यापासून लांब, ताडपत्रीखाली, आणि पायथ्याशी मुरुमाने भरलेल्या गोण्यांची रांग. आपल्या हद्दीतलं पाणी सगळ्यात खालच्या कोपऱ्यात, तीन कप्प्यांच्या गाळखड्ड्यात आणा. बेसमेंटचा मड पंपही त्यातच सोडायचा. रात्री गुपचूप पावसाळी गटारात पाइप टाकणारा एक तरी सुपरवायझर प्रत्येक साइटवर असतो, त्याला नाव घेऊन सांगा.

गेटवर जाड खडीचा पट्टा अंथरा, डंपरची चाकं तिथे झटकली जातात. बाहेरच्या रस्त्यावरच्या जाळ्यांवर बारदान बांधा, पण दर पावसानंतर ते झटकायला माणूस ठेवा, नाहीतर रस्ताच तुंबतो.

मिक्सर धुतलेलं पाणी दिसतं साधं दुधाळ, पण असतं चुन्यासारखं जहाल. ओढ्यात गेलं तर मासे मरतात. त्यासाठी प्लास्टिक अंथरलेला वेगळा खड्डा करा. सुकलेली खपली राडारोड्यासोबत जाऊ द्या. डिझेलचे बॅरल छपराखाली, कडेला विटांचा बांध घालून. मजुरांचे संडास ओढ्याच्या काठी नकोत.

५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या प्लॉटला पर्जन्यजल संधारण सक्तीचंच आहे, त्यामुळे शोषखड्डा कागदावर सगळ्यांकडे असतो. तो पाणी पितो का, हे मात्र कुणी बघत नाही. जागेवर मीटरभर खोल खड्डा घ्या, पाणी भरा, दुसऱ्या दिवशी बघा. काळ्या मातीत ते तसंच उभं दिसेल. खाली सलग कातळ लागला तरी तेच. मुरूम असेल तर उतरतं. जमिनीत फक्त गच्चीचं पाणी सोडा, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं वाहून गेल्यावर. पार्किंगचं तेलकट पाणी बोअरमध्ये गेलं तर ते परत काढता येत नाही.

ताबा द्यायच्या आधी सांडपाण्याची आणि पावसाच्या पाण्याची, अशा दोन्ही लाइन तपासा. प्रत्येक विंगच्या वरच्या मजल्यावरच्या संडासात कपड्याची नीळ कालवून बादलीभर पाणी ओता आणि खाली पावसाळी चेंबरचं झाकण उघडून बसा. निळं पाणी दिसलं तर प्लंबरने जोडणी चुकवली आहे. हे फरशी बसायच्या आधी करायचं.

पहिला जोरदार पाऊस झाला की छत्री घेऊन ओढ्यावर जा. साइटच्या वरच्या बाजूला एक बाटली भरा, खालच्या बाजूला एक. दोन्ही ऑफिसच्या खिडकीत तासभर ठेवा. खालच्या बाटलीच्या तळाशी जास्त गाळ बसला, तर गाळखड्डा उपसायला त्याच दिवशी माणसं लावा.