साइट रिपोर्टमधला भूतकाळ शिकवताना या चुका टाळा

दादरला शनिवारी संध्याकाळी मी साइट इंजिनीअर आणि सुपरवायझर मंडळींना इंग्रजीत रिपोर्ट लिहायला शिकवते. गो-वेंट-गॉन सगळ्यांना शाळेपासून पाठ. तरी सोमवारच्या रिपोर्टमध्ये हमखास येतं: ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू साइट.’

इथे पुन्हा तक्ता घोकून घेणं ही आपली, म्हणजे शिकवणाऱ्यांची पहिली चूक. ‘काल साइटवर गेलो होतो’ असं आपण मराठीत सहज म्हणतो आणि त्या ‘होतो’चा ‘हॅड’ होतो. ‘मेल कालच पाठवलाय’ मधल्या लपलेल्या ‘आहे’चा ‘हॅव’ होतो, की ‘आय हॅव सेंट द मेल यस्टरडे’ तयार. मीही सुरुवातीला नुसतं खोडायचे. पुढच्या आठवड्यात ‘हॅड’ परत हजर.

आता मी मराठी वाक्यच आधी फळ्यावर लिहिते. त्यात काल, सोमवारी, साडेदहाला असं काही असेल, तर होतं-आहे विसरायचं आणि साधा भूतकाळ लिहायचा: ‘आय वेंट’, ‘आय सेंट’. वेळ सांगायची नाही, पण झालेल्या कामाचा आज उपयोग आहे, तिथे ‘वी हॅव रिसीव्ड द ड्रॉइंग्ज’.

मग ‘हॅड’ कशाला? दोन गोष्टींपैकी आधी कुठली झाली, ते दाखवायला. ‘व्हेन द पंप अराइव्ड, द काँक्रीट स्टार्टेड टू सेट’ म्हणजे काँक्रीट ओतणारा पंप आला, मग काँक्रीट सेट, म्हणजे घट्ट व्हायला लागलं. ‘व्हेन द पंप अराइव्ड, द काँक्रीट हॅड ऑलरेडी स्टार्टेड टू सेट’ म्हणजे पंप यायच्या आधीच ते सेट व्हायला लागलं होतं. एका ‘हॅड’ने उशिराचं खापर पंपवाल्याच्या डोक्यावर. हे उदाहरण दिलं की दिवसभर उन्हात उभा राहून आलेला वर्गही ताठ बसतो; नुकसान कुणाच्या बिलातून कापणार, हा सगळ्यांच्याच जिव्हाळ्याचा विषय.

‘डिड नॉट रिसीव्ड’ हे जुनं दुखणं. ‘डिड’ने भूतकाळ घेतला की पुढचं क्रियापद मूळ रूपात; ही चूक सरावाने जाते. ‘स्लॅब कास्टेड’ मात्र चिवट. कास्ट-कास्ट-कास्ट, कट-कट-कट, तिन्ही रूपं सारखीच. साइटवर बोलताना मी कुणाला अडवत नाही, क्लायंटच्या मेलमध्ये अडवते. शेवटच्या ‘ई-डी’च्या उच्चाराला देवनागरी छान मदत करते: लिहिताना ‘चेक’पुढे ‘ई-डी’ असली तरी म्हणायचं ‘चेक्ट’, ‘इड’ फक्त ट-डच्या आवाजानंतर, जसं ‘स्टार्टिड’.

सगळ्यात महागात पडतो तो ‘झालंच’. मराठीत न झालेल्या कामालाही भूतकाळ चालतो. फोनवर ‘पोहोचलोच’ म्हणणारा अजून कुर्ल्यालाच असतो. हाच ‘झालंच’ रिपोर्टमध्ये ‘कम्प्लीटेड’ होऊन बसतो. एका विद्यार्थ्याने टेरेसचं वॉटरप्रूफिंग ‘कम्प्लीटेड’ लिहिलं, आणि पाहणीला आलेले साहेब नेमके उरलेल्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नव्हती, म्हणून मीही बरोबरची खूण केली होती. तेव्हापासून वाक्य तपासण्याआधी मी मराठीत विचारते, ‘झालं, की झालंच?’ दुसरं उत्तर आलं, तर ‘इन प्रोग्रेस’ लिहायचं आणि काय उरलंय तेही पुढे मांडायचं: ‘वन कॉर्नर इज पेंडिंग.’