सोन्याचे नॅनोकण आणि लिक्विड क्रिस्टल: या विषयात नव्याने येणाऱ्यांसाठी

एम.एस्सी. संपवून सॉफ्ट मॅटरच्या लॅबमध्ये आलात की ५सीबी या लिक्विड क्रिस्टलमध्ये सोन्याचे नॅनोकण मिसळून व्होल्टेजने बदलणारं ऑप्टिकल मटेरियल करायचा विषय हाती पडू शकतो. पहिल्या वर्षात हातात काही लागलं नाही तर खचू नका. या कामात तसं होतंच.

आधी कणाचा आकार ठरवा. गोल कणांच्या शोषणाचं शिखर ५२० नॅनोमीटरच्या आसपास असतं. ५सीबीचे दोन अपवर्तनांक साधारण १.५३ आणि १.७१, त्यामुळे डायरेक्टर (रेणूंची सरासरी दिशा) पूर्ण वळवला तरी हे शिखर काही नॅनोमीटरच सरकतं. डोळ्यांना दिसणारा बदल हवा असेल तर नॅनोरॉड घ्या. ते डायरेक्टरबरोबर वळतात आणि ध्रुवित प्रकाशातलं शोषण ठळकपणे कमी-जास्त होतं. पण रॉड बनतात पाण्यात, अंगावर सीटॅब या साबणासारख्या रसायनाचा थर घेऊन, आणि ५सीबीत तसे उतरत नाहीत. वरचा थर बदलण्यातच महिने जातात. माझं मत विचाराल तर सुरुवात थायॉल (सोन्याला चिकटणारे गंधकयुक्त रेणू) लावलेल्या गोल कणांपासून करा.

आता मुख्य गोष्ट. हिने मला फार छळलंय, म्हणून सविस्तर सांगते. कण टोल्यूइन या द्रावकात असतात. ते ५सीबीत ओतायचे, ढवळायचे, टोल्यूइन उडवायचं. मग हॉट स्टेजवर (मायक्रोस्कोपखालच्या तापत्या पट्टीवर) बघितलं की नेमॅटिक-आयसोट्रॉपिक तापमान (एका दिशेने लागलेले रेणू विस्कटून साधा द्रव होतो ते) ३५ अंशांवरून खाली आलेलं दिसतं. आनंद होतो, ‘कणांचा परिणाम’ म्हणून आलेखही तयार होतो. थांबा! जरासं टोल्यूइन मागे राहिलं तरी हे तापमान खाली येतं. बरं, टोल्यूइन निर्वातात, वजन स्थिर होईपर्यंत काढता येतं. कणांना न चिकटलेलं, मोकळं डोडेकेनथायॉल (वरच्या थराचं थायॉल) मात्र सहजासहजी उडत नाही. ते वजनात लपतं आणि तापमान तसंच पाडतं. म्हणून कण इथेनॉलने खाली बसवून, सेंट्रिफ्यूज करून पुन्हापुन्हा धुवायचे. एनएमआर स्पेक्ट्रम काढा: मोकळ्या थायॉलच्या रेषा बारीक, टोकदार येतात, सोन्याला चिकटलेल्याच्या पसरट.

आणि कंट्रोल सॅम्पल म्हणजे बाटलीतलं कोरं ५सीबी नव्हे. तेवढंच टोल्यूइन घातलेलं, तेवढाच वेळ ढवळलेलं, त्याच पंपावर सुकवलेलं, फक्त कण नसलेलं ५सीबी. त्यातही तापमान घसरलं तर दोष सोन्याचा नाही. क्रॉस पोलरायझरखाली आणखी एक खूण दिसते. शुद्ध ५सीबी एका अंशाच्याही आत पालटतं. भेसळ असेल तर काळ्या आयसोट्रॉपिक पार्श्वभूमीवर नेमॅटिकचे चमकते थेंब बराच वेळ तरंगत राहतात. हा पट्टा किती अंशांचा आहे ते प्रत्येक वेळी वहीत लिहा.

विकतचे कण आणून वेळ वाचतो, असं सिनिअर सांगतील. मला ते पटत नाही. वरचा थर नेमका कशाचा आणि किती, हे तुम्हाला ठाऊक नसेल तर पुढचं प्रत्येक मोजमाप लंगडं. गाइड निवडताना प्रकाशनांची यादी बघू नका, ते मायक्रोस्कोपपाशी येऊन बसतात का ते बघा. आपल्याकडे या विषयाची परंपरा भक्कम आहे. डिस्कॉटिक (चकतीसारख्या रेणूंचे) लिक्विड क्रिस्टल १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्येच सापडले. तेव्हा जाऊन लोकांना भेटा, प्रश्न विचारा. मराठी माध्यमातून आलेल्यांनीही बुजू नका. सेल (दोन काचांमधली बारीक फट) भरायला हात स्थिर लागतो, इंग्रजी नंतर जमतं.

मिश्रण आयसोट्रॉपिक असताना वाइनसारखं लाल आणि एकसंध दिसलं तरी लगेच सेलचं स्पेक्ट्रम काढून मोकळे होऊ नका. थंड होताना वाढणारं नेमॅटिक कणांना बाहेर ढकलतं आणि ते डिफेक्टपाशी (रेणूंची रांग मोडते तिथे) गोळा होतात. सेल बंद करून ठेवा, दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. रंग जांभळट झाला असेल किंवा शिखर पसरलं असेल तर कण एकत्र आलेत. कणांचं प्रमाण निम्मं करून नवी बॅच लावा.