राष्ट्रपतींच्या सहीमागे कोण असतं? घटनेच्या नव्या अभ्यासकांसाठी

घटनेचा अभ्यास नव्याने सुरू केलेली मुलं राष्ट्रपतींच्या प्रकरणाशी आली की वहीत रकाने आखतात: कार्यकारी अधिकार, कायदेविषयक, वित्तीय, न्यायिक, आणीबाणीचे. पुण्यात लॉ करत असताना आमच्या अभ्यासिकेत हेच चालायचं, आणि पुढे स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना मी हा विषय शिकवायला लागलो तेव्हाही तेच तक्ते समोर आले. तक्ता पाठ होतो, पण त्यातून एका सर्वशक्तिमान व्यक्तीचं चित्र मनात बसतं. तिन्ही सेनादलांचे सरसेनापती तेच, पंतप्रधान नेमणारे तेच, वटहुकूम काढणारे तेच, फाशी माफ करणारेही तेच. मग वर्णनात्मक पेपरात 'राष्ट्रपती केवळ नामधारी आहेत का?' असा प्रश्न आला की तोच विद्यार्थी 'रबरी शिक्का' लिहून मोकळा होतो. दोन्ही उत्तरं चुकीची आहेत, आणि खरा अभ्यास या दोन्हींच्या मधे आहे.

मी शिकवताना प्रत्येक अधिकाराला तीन प्रश्न विचारायला लावतो. ही फाइल राष्ट्रपतींकडे कोणी पाठवली? ती त्यांना अडवता किंवा परत पाठवता येते का, आणि किती वेळा? सही झाल्यावर ती तपासणारं कोण, संसद की न्यायालय? एवढं विचारलं की तक्ता आपोआप बोलायला लागतो.

सुरुवात बेअर ॲक्टपासून, म्हणजे टीकाटिप्पणीविना छापलेल्या मूळ कलमांपासून करा, गाइडपासून नको. कलम ५३ म्हणतं, संघराज्याची कार्यकारी सत्ता राष्ट्रपतींच्या ठायी आहे. तिथे थांबू नका. लगेच पंतप्रधान आणि मंत्रिपरिषदेची कलमं ७४, ७५ आणि ७८ एका बैठकीत वाचा. मंत्रिपरिषदेचा सल्ला राष्ट्रपतींवर बंधनकारक आहे हे ४२ व्या घटनादुरुस्तीने १९७६ मध्ये स्पष्ट शब्दांत लिहिलं गेलं. ४४ व्या दुरुस्तीने १९७८ मध्ये त्याला परंतुक जोडलं: राष्ट्रपती तो सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवू शकतात; फेरविचारानंतर आलेला सल्ला मात्र मानावाच लागतो. पण हे बंधन १९७६ मध्ये जन्माला आलं असं लिहू नका. १९७४ च्या शमशेर सिंग खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्तीच्या आधीच हे तत्त्व ठामपणे सांगितलं होतं. त्याहून आधी, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी राष्ट्रपतींचं स्थान इंग्लंडच्या राजासारखं आहे, ते राष्ट्राचे प्रमुख आहेत, कार्यपालिकेचे नाहीत, असं संविधान सभेला समजावलं होतं. ते भाषण मिळवून वाचाच. संसदीय पद्धत का निवडली याची जबाबदारी आणि स्थैर्य या दोन शब्दांत केलेली इतकी स्वच्छ मांडणी मी दुसरीकडे वाचलेली नाही.

आता दुसरा प्रश्न, अडवण्याचा. मला स्वतःला हा भाग सगळ्यात जिवंत वाटतो, कारण पदावरच्या व्यक्तीचा स्वभाव आणि धैर्य इथेच दिसतं. कलम १११ नुसार साधं विधेयक पुनर्विचारासाठी परत पाठवता येतं. धन विधेयक (कर आणि सरकारी खर्चाचं) परत पाठवता येत नाही, आणि घटनादुरुस्ती विधेयकाला १९७१ च्या २४ व्या दुरुस्तीपासून संमती द्यावीच लागते. २००६ मध्ये डॉ. अब्दुल कलाम यांनी लाभाच्या पदांबाबतचं, म्हणजे कोणती सरकारी पदं घेतली तरी खासदारकी जात नाही हे ठरवणारं विधेयक परत पाठवलं. संसदेने ते पुन्हा मंजूर केलं आणि त्यांनी सही केली. त्याच्या वीस वर्षं आधी ग्यानी झैलसिंग यांनी वेगळी वाट धरली होती. नागरिकांची पत्रं अडवून पाहण्याचे व्यापक अधिकार सरकारला देणारं टपाल विधेयक १९८६ मध्ये त्यांच्याकडे आलं. त्यांनी सही केली नाही, परतही पाठवलं नाही. परत पाठवायचं तर शक्य तितक्या लवकर, एवढंच कलम म्हणतं. दिवस मोजून दिलेले नाहीत. ते विधेयक कायदा झालंच नाही.

के. आर. नारायणन यांचा काळ तर शांतपणे, तारीखवार टिपणं काढून वाचावा. ऑक्टोबर १९९७ मध्ये गुजराल मंत्रिमंडळाने उत्तर प्रदेशात राष्ट्रपती राजवटीची शिफारस केली. कल्याणसिंग सरकारने नुकताच विश्वासदर्शक ठराव जिंकला होता. नारायणन यांनी शिफारस परत पाठवली आणि मंत्रिमंडळाने ती सोडून दिली. १९९८ मध्ये वाजपेयी सरकारची बिहारबाबतची शिफारसही त्यांनी परत केली. फेब्रुवारी १९९९ मध्ये राजवट लागली खरी, पण तिला दोन्ही सभागृहांची मंजुरी लागते आणि राज्यसभेत सरकारचं बहुमत नव्हतं, म्हणून मार्चमध्ये ती मागे घ्यावी लागली. या एका प्रकरणात तिन्ही प्रश्नांची उत्तरं सापडतात. एकदा परत पाठवण्याने सरकारला विचार करायला वेळ मिळतो आणि लोकांना प्रश्न विचारायला. या मर्यादित अधिकाराचं मोल मला फार मोठं वाटतं.

तिसऱ्या, म्हणजे सही कोण तपासतं या प्रश्नासाठी राष्ट्रपती राजवटीबाबतचा १९९४ चा बोम्मई निकाल अटळ आहे. कोणता सल्ला दिला याची चौकशी न्यायालय करू शकत नाही, हे कलम ७४(२) मध्ये आहे. पण तो सल्ला ज्या साहित्यावर आधारला ते तपासता येतं, असं नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं. आणीबाणीच्या कलम ३५२ चा इतिहासही सोबत घ्या. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी सही केली तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक झालेली नव्हती. मंत्र्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. म्हणूनच आता मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी कळवल्याशिवाय राष्ट्रपती ती घोषणा करू शकत नाहीत. महाराष्ट्रातल्या वाचकांना २३ नोव्हेंबर २०१९ ची पहाट आठवत असेल. राष्ट्रपती राजवट ५ वाजून ४७ मिनिटांनी उठली, तीही मंत्रिमंडळाच्या बैठकीआधी. केंद्र सरकारच्या कामकाज नियमावलीतला नियम १२ पंतप्रधानांना अशी सवलत देतो. मुलाखतीच्या तयारीत हा नियम माहीत असू द्या.

वटहुकूम म्हणजे सभागृह भरलेलं नसताना काढलेला तात्पुरता कायदा. त्यासाठी पुण्याचंच उदाहरण आहे. गोखले अर्थशास्त्र संस्थेतल्या डॉ. डी. सी. वाधवा यांनी बिहारची राजपत्रं चाळून दाखवलं की १९६७ ते १९८१ या काळात तिथे २५६ वटहुकूम निघाले आणि काही तर पुन्हा पुन्हा काढून वर्षानुवर्षं जिवंत ठेवले गेले. डिसेंबर १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा घटनेशी केलेला कपटव्यवहार ठरवला. खटला राज्यपालांच्या वटहुकमांच्या कलम २१३ चा होता, पण त्यातला विचार राष्ट्रपतींच्या वटहुकमांच्या कलम १२३ लाही लागतो. एक प्राध्यापक चिकाटीने राजपत्रं वाचतो आणि घटनेतल्या मर्यादेला धार येते, याचा मला अभिमान वाटतो.

दयेच्या अर्जाबाबत एवढंच: कलम ७२ चा अधिकारही सल्ल्यानेच वापरायचा असतो. २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालानंतर अर्जावरच्या निर्णयाला झालेला अवाजवी विलंब हे फाशी रद्द होण्याचं कारण ठरलं. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये जन्मठेपेत बदलली ती याच कारणाने. महाभियोगाचं, म्हणजे राष्ट्रपतींना पदावरून दूर करण्याचं कलम ६१ अर्ध्या तासात वाचून होतं. चौदा दिवसांची नोटीस आणि दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं दोनतृतीयांश बहुमत लक्षात ठेवा. आजवर तो कोणावरही चाललेला नाही.

जुनं पुस्तक वापरत असाल तर त्यात २०२५ ची भर घाला. राज्यपालांनी राष्ट्रपतींसाठी राखून ठेवलेल्या राज्यांच्या विधेयकांवर राष्ट्रपतींनी तीन महिन्यांत निर्णय घ्यावा, असं एप्रिलमध्ये दोन न्यायमूर्तींच्या पीठाने म्हटलं. मे महिन्यात राष्ट्रपतींनी न्यायालयाचं मत मागण्याच्या कलम १४३ खाली १४ प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले, आणि २० नोव्हेंबरला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने मत दिलं की न्यायालय अशी मुदत घालू शकत नाही आणि मुदत टळली म्हणून संमती मिळाली असंही मानता येत नाही.

सल्ला देणारं सरकारच नसतं किंवा त्याचं बहुमत गेलेलं असतं, तो प्रसंग शेवटी अभ्यासा. १९७९ मध्ये नीलम संजीव रेड्डी यांनी चरणसिंगांना बोलावलं, १९९६ मध्ये शंकर दयाळ शर्मा यांनी सर्वांत मोठ्या पक्षाचे नेते म्हणून वाजपेयींना, आणि १९९८ मध्ये नारायणन यांनी आधी पाठिंब्याची पत्रं मागितली. तिघांनी तीन कसोट्या लावल्या. त्या शेजारी शेजारी ठेवून, तुम्ही त्या खुर्चीवर असता तर कोणती लावली असती, हे दोन पानांत लिहून काढा आणि अभ्यासिकेतल्या कोणाला तरी खोडून काढायला द्या.