खाऱ्या पाण्याच्या फिशटँकमधलं शेवाळ कसं आटोक्यात आणावं

समुद्री टाकीतल्या दगडांवर हिरवे केस उगवायला लागले की पहिला विचार येतो तो शेवाळ मारणारं औषध टाकण्याचा. कृपा करून तसं करू नका. अशा अनेक औषधांत तांबं असतं, आणि तांब्याने गोगलगायी, कोळंबी, खेकडे, प्रवाळ काहीच वाचत नाही. शिवाय औषधाने शेवाळ मेलं तरी ते कुजतं, त्याने शोषून घेतलेलं नायट्रेट आणि फॉस्फेट पुन्हा पाण्यात सुटतं, आणि नवं शेवाळ त्याच्यावरच पोसतं.

शेवाळाचा हिशेब साधा आहे. पाण्यातून आणि खाद्यातून रोज काहीतरी टाकीत जातं, आणि फिल्टर रोज काहीतरी बाहेर काढतो. आत जास्त आणि बाहेर कमी, असं झालं की उरलेल्याचं शेवाळ होतं. म्हणून आधी आत जाणारं मोजायचं, मग बाहेर निघणारं वाढवायचं, आणि ब्रश हातात घ्यायचा तो त्यानंतर.

खालचे आकडे माझ्या ठाण्याच्या घरातल्या टाकीचे आहेत: चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच, खाली संप (फिल्टर आणि पंप बसवलेली दुसरी टाकी), दगड-वाळू वजा जाता एकूण साधारण २५० लिटर पाणी. तुमची टाकी लहान-मोठी असेल त्या प्रमाणात बदल करून घ्या.

पायरी १: पाणी तपासा

माझ्या टाकीत केसाळ शेवाळाने चार महिने मुक्काम केला होता. मी खाद्य कमी केलं, मोठा स्किमर (फेसाबरोबर घाण बाहेर काढणारं यंत्र) आणला, दर रविवारी दगड घासले. पंधरा दिवसांत पुन्हा हिरवळ. शेवटी पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा एक छोटा टीडीएस मीटर आणला आणि स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी मोजलं. आकडा आला ६८. समुद्री टाकीला तो शून्य हवा.

घरगुती आरओमध्ये बहुधा एक लहानसा व्हॉल्व्ह असतो, टीडीएस कंट्रोलर. पाण्याला चव यावी म्हणून तो मेम्ब्रेनमधून, म्हणजे आरओच्या गाळणाऱ्या पडद्यातून, न गेलेलं थोडं पाणी गाळलेल्या पाण्यात मिसळतो. पिण्यासाठी ते ठीकच आहे. पण भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालतं, आणि प्रवाळ असलेल्या टाकीत आपण ते ५ ते १० च्या आसपास ठेवू पाहतो. बोअरवेलचं किंवा टँकरचं पाणी असेल तर शंका आणखी मोठी.

आता टॉप-अपचा, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी घालायच्या पाण्याचा, विचार करा. उन्हाळ्यात पंखा लावला की माझ्या टाकीतून रोज चारेक लिटर पाणी उडतं. महिन्याला १२० लिटर, म्हणजे जवळजवळ निम्मी टाकी. वाफ होऊन जातं ते फक्त पाणी. त्यात विरघळलेलं सगळं मागे राहतं. वरून ६८ टीडीएसचं पाणी घालत राहिलो तर आपण रोज थोडं थोडं खतच घालत असतो.

करायचं काय? आरओवाल्याला बोलावून ती मिसळणी पूर्ण बंद करून घ्या, किंवा टाकीसाठी वेगळा आरओ लावा. मेम्ब्रेननंतर डीआय रेझिनचा, म्हणजे उरलेसुरले क्षार पकडणाऱ्या दाण्यांचा, एक डबा जोडा. मेम्ब्रेनमधून थोडं सिलिकेट निसटतं, ते हे रेझिन पकडतं. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर ते कधी संपलं ते डोळ्यांना दिसतं. मीटर शून्य दाखवेपर्यंत ते पाणी टाकीत घालू नका. आणि टॉप-अप नेहमी गोड्या पाण्याचा, मिठाच्या नाही. मीठ उडत नाही.

मुंबई-ठाण्यात एक प्रश्न हमखास येतो: समुद्र इतका जवळ आहे, तर पाणी तिथूनच का आणू नये? आपल्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, आणि पावसाळ्यात नद्या-खाड्यांच्या पाण्याने खारेपणा घसरतो. ज्या फॉस्फेटपासून आपण सुटका करून घेतोय, तेच कॅन भरून घरी येईल. समुद्री टाकीसाठी मिळणारं मीठच वापरा, लिटरला साधारण ३५ ग्रॅम. ते वेगळ्या बादलीत पंप लावून एक दिवस फिरू द्या, मग खारेपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर १.०२५ आलं की टाकीत घाला. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही.

पायरी २: खाद्य कमी, मासे कमी

दोन मिनिटांत संपेल एवढंच टाका. गोठवलेलं खाद्य तसंच टाकलं तर त्याचा रस सगळा पाण्यात उतरतो. ते एका वाटीत वितळवा, बारीक गाळणीत धुवा, मग द्या. आणि २५० लिटरमध्ये पंधरा मासे असतील तर कुठलाही फिल्टर पुरा पडणार नाही. काही मासे दुकानात परत द्यावे लागतील.

पायरी ३: कचरा सडायच्या आत उचला

टाकीतून संपमध्ये येणारं पाणी फिल्टर सॉकमधून (मोज्यासारख्या पिशवीतून) किंवा पांढऱ्या फिल्टर कापसातून गाळलं जातं. इथे बहुतेकांची एकच चूक होते: कापूस काळा होईपर्यंत तसाच ठेवतात. त्यात अडकलेली विष्ठा आणि खाद्य टाकीबाहेर गेलेलं नसतं, ते पाण्याच्या वाटेवरच सडत असतं. कापूस दोन-तीन दिवसांनी फेका, सॉक उलटा करून धुवा. बायोबॉल किंवा सिरॅमिकच्या कड्यांमध्ये गाळ साचला असेल तर टाकीच्या काढलेल्या पाण्यात हलवून धुवा. नळाच्या पाण्यात नको, क्लोरीनने त्यावरचे जिवाणू मरतात. अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट तेच करतात.

संपची एक चाचणी आजच करा. रिटर्न पंप, म्हणजे संपमधलं पाणी वर टाकीत पाठवणारा पंप, बंद करा आणि बघत उभे राहा. वरचं पाणी खाली येऊन संप भरून वाहिला, तर वीज जाईल तेव्हाही हेच होणार. रिटर्नच्या पाइपला वर, पाण्याच्या पातळीच्या जरा खाली, एक लहान भोक पाडलं की पातळी तिथवर उतरल्यावर त्यातून हवा शिरते आणि सायफन तुटतो.

पायरी ४: स्किमर नीट चालवा

पावसाळ्यात खवळलेल्या समुद्राच्या काठावर तपकिरी फेस साचलेला तुम्ही पाहिला असेल. स्किमरही तसाच फेस काढतो. बारीक बुडबुड्यांच्या पृष्ठभागाला प्रथिनं आणि तेलकट पदार्थ चिकटतात, फेस वर चढतो आणि कपात पडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून नायट्रेट व्हायच्या आधीच बाहेर काढणारं हे यंत्र आहे, म्हणून मी त्याला सगळ्यात जास्त वेळ देतो.

नवा स्किमर पहिला आठवडाभर धड फेस काढत नाही. त्याला राहू द्या, रोज स्क्रू फिरवत बसू नका. स्किमर ज्या कप्प्यात आहे तिथली पाण्याची पातळी स्थिर हवी. पातळी बोटभर वर-खाली झाली की कधी कप कोरडा, कधी भरून वाहतो. म्हणून तो कप्पा टॉप-अपमुळे बदलणारा नसावा; पातळी बदलू द्यायची ती रिटर्न पंपाच्या कप्प्यात.

कप काढून मानेच्या, म्हणजे फेस ज्यातून वर चढतो त्या नळीच्या, आत बोट फिरवा. गुळगुळीत, चिकट, तपकिरी थर हाताला लागेल, आणि त्याला खाडीच्या चिखलासारखा वास येईल. हा थर साचला की फेस वर चढताना फुटतो आणि सगळी घाण परत खाली जाते. कप चहासारख्या रंगाने भरत असेल आणि मान स्वच्छ असेल तर स्किमर नीट चाललाय असं समजा. मान तीन-चार दिवसांनी नुसत्या गरम पाण्याने पुसा, साबण नको. हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचतं आणि हवा कमी होते. महिन्यातून एकदा त्यातून गरम पाणी ओढू द्या. तीन महिन्यांनी पंप सोडवून व्हिनेगर आणि पाण्यात बुडवा, चुना सुटून येतो.

पायरी ५: प्रवाह

गाळ जिथे बसतो तिथे शेवाळ धरतं. वेव्हमेकर (टाकीत पाणी ढवळणारा पंप) धरून एकूण प्रवाह तासाला टाकीच्या दहापट, प्रवाळ असतील तर वीसपट ठेवा. खाद्याचा एक कण सोडा आणि तो कुठे जाऊन थांबतो ते पाहा. ती जागा तुमची मेलेली जागा. एक वेव्हमेकर तिकडे वळवा. दगडांची भिंत मागच्या काचेला टेकली असेल तर चार बोटं पुढे ओढा.

दगडांचंच बोलतोय म्हणून सांगतो: किनाऱ्यावरून, अगदी मालवणहूनसुद्धा, प्रवाळाचा दगड उचलून आणू नका. आपल्याकडचे खडक बांधणारे प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार दगड घ्या. काही महिन्यांत त्यांच्यावरही जिवाणू बसतात आणि गुलाबी कोरलाइन शेवाळ चढतं. ते शेवाळ मात्र घासू नका, ते चांगलं.

पायरी ६: चांगलं शेवाळ वाढवून वाईट उपाशी ठेवा

संपच्या एका कप्प्यात चिटोमॉर्फा हे शेवाळ सोडा. हिरव्या नायलॉनच्या गुंत्यासारखं दिसतं. वरचा दिवा विझला की खालचा लावायचा, म्हणजे रात्री पीएच फार घसरत नाही. गुंता वाढला की मूठभर कापून फेका. तेवढं नायट्रेट-फॉस्फेट घराबाहेर गेलं. तरीही फॉस्फेट लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर राहिलं तर ते शोषणारे लोह-ऑक्साइडचे दाणे वापरा, पण निम्म्या मात्रेने सुरुवात करा. एकदम शून्यावर आणलं तर प्रवाळ फिके पडतात.

आणि टेस्ट किटने शून्य दाखवलं म्हणून निश्चिंत होऊ नका. समोर दगडभर शेवाळ असेल तर फॉस्फेट त्याच्या पोटात आहे, पाण्यात सापडणार कसं?

पायरी ७: आता ब्रश

पंप बंद करा. सायफनची नळी डाव्या हातात, जुना दातघासणीचा ब्रश उजव्या हातात. नळीचं तोंड दगडाला लावून घासा, म्हणजे सुटलेला प्रत्येक तंतू बादलीत जातो. नुसतं घासलं तर तेच तंतू टाकीभर पसरून पुन्हा रुजतात. बादली २५ लिटरची असेल तर ती भरेपर्यंत दहा टक्के पाणी बदलूनही होतं. दर आठवड्याला एवढंच. काचेवर चुंबकाचा ब्रश फिरवताना वाळूपासून दोन बोटं वर थांबा, एक कण अडकला तरी कायमचा ओरखडा पडतो.

साफसफाईनंतर गोगलगायी आणा, टर्बो किंवा ट्रोकस, माझ्या टाकीला पंधरा पुरल्या. त्या आखूड शेवाळ खातात, वीतभर लांब केसांना तोंड लावत नाहीत. म्हणून आधी ब्रश. लॉनमोवर ब्लेनी हा मासाही कामाचा आहे.

दिवे आठ तासांपेक्षा जास्त नकोत, आणि खिडकीचं ऊन टाकीवर येत असेल तर पडदा.

सगळं शेवाळ एकच नसतं

नव्या टाकीत पहिल्या काही आठवड्यांत येणारी तपकिरी धूळ म्हणजे डायटम. सिलिकेट संपलं की जाते, तिच्या मागे लागू नका. लालसर-जांभळी साय, जी ओढली की चादरीसारखी निघते, ते शेवाळ नाही, सायनोबॅक्टेरिया आहेत: ओढून काढा, तिथला प्रवाह वाढवा, तीन दिवस टाकी काळ्या कापडाने झाका आणि त्या काळात हवेचा पंप चालू ठेवा. औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, फिल्टरमधले कामाचे जिवाणूही त्यात धोक्यात येतात. हिरवे गोल मणी दिसले तर ते न फोडता मुळापासून उचला, शक्य असेल तर दगड बाहेर काढून. आणि शेंबडासारखा तपकिरी चिकट थर, बुडबुडे धरलेला, रात्री कमी आणि दुपारी जास्त होणारा, तो डायनोफ्लॅजेलेटचा. तो बहुधा नायट्रेट-फॉस्फेट शून्य झाल्यावर येतो, म्हणून तिथे उपाय उलटा: पाणी बदलणं थांबवा, खाद्य थोडं वाढवा.

सहा ते आठ आठवडे द्या. आधी शेवाळाचा रंग फिका होतो, मग ते हाताने सहज सुटायला लागतं, मग गोगलगायी पुढे सरकतात.

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाताना टाकी शेजाऱ्यांवर सोपवत असाल तर खाद्याचा डबा देऊ नका. माणूस प्रेमापोटी चिमूटभराच्या जागी मूठभर टाकतो, आणि दोन महिन्यांची मेहनत आठ दिवसांत जाते. धट्टेकट्टे मासे तीन-चार दिवस उपाशी सहज राहतात. त्याहून जास्त दिवस जाणार असाल तर एक दिवसाआड एक अशा कागदाच्या पुड्या बांधा, प्रत्येकीवर तारीख लिहा, टॉप-अपच्या पाण्याचा कॅन शेजारी भरून ठेवा, आणि वीज गेली तर बॅटरीचा हवेचा पंप कुठे आहे ते दाखवून मगच किल्ली द्या.