चिखलदरा पाहताना गाविलगडापासून सुरुवात करावी

अमरावती जिल्ह्यातील चिखलदऱ्याला बहुतेक लोक भर पावसाळ्यात जातात. धबधब्यांसाठी तो काळ उत्तम खरा, पण दाट धुक्यात दऱ्या दिसत नाहीत. म्हणून गावाचा भूगोल आणि इतिहास एकत्र समजून घ्यायचा असेल, तर पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जावे. अमरावती किंवा बडनेरा स्थानकावर उतरून परतवाडामार्गे घाट चढावा.

पहिली सकाळ पूर्णपणे गाविलगडाला द्यावी. बहमनी सुलतान अहमदशहा वलीच्या काळात, 1425 च्या सुमारास, हा किल्ला बांधला गेला आणि पुढे तो वऱ्हाडच्या इमादशाहीचे बलस्थान झाला. दरवाजांवरील कोरीव शिल्पे, विशेषतः दोन तोंडांचा काल्पनिक पक्षी गंडभेरुंड, थांबून न्याहाळावीत. त्यानंतर दक्षिणेच्या तटावर जावे. सातपुड्याचा हा बेसाल्टचा कडा तेथून पूर्णेच्या मैदानाकडे जवळजवळ तुटल्यासारखा उतरतो, आणि या बाजूने किल्ला घेणे किती अवघड होते ते शब्दांवाचून कळते.

किल्ल्याची दुर्बल बाजू उत्तरेची, म्हणजे चिखलदऱ्याच्या पठाराकडची होती. अडगावच्या लढाईत भोसल्यांचा पराभव केल्यावर इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नेमका याचाच लाभ घेतला. कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरांतून मोठ्या कष्टाने तोफा ओढत उत्तरेला नेल्या, तटाला खिंडार पाडले आणि 15 डिसेंबर 1803 रोजी भोसल्यांचा गाविलगड पडला. किल्लेदार बेनीसिंग या युद्धात धारातीर्थी पडला, आणि दोनच दिवसांनी रघुजी भोसल्यांना इंग्रजांशी देवगावचा तह करावा लागला. त्यामुळे उत्तरेच्या बाजूने चालत, जमिनीचा चढउतार लक्षात घेत आत शिरावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. त्याशिवाय हा लढा समजत नाही. किल्ल्याचा विस्तार मोठा आहे, म्हणून पाणी आणि खाण्याचे पदार्थ सोबत न्यावेत.

दुपारनंतर भीमकुंड पाहावे. कीचकाला मारल्यावर भीमाने येथे अंग धुतले, अशी लोककथा आहे. पंचबोल पॉइंटवर दरीत हाक दिली की प्रतिध्वनी परत येतात. देवी पॉइंट वाटेत होऊन जातो. विदर्भात इतरत्र न दिसणारी कॉफीची झाडे मात्र मुद्दाम विचारून पाहावीत, कारण तिच्या लागवडीस येथील उंची, म्हणजे सुमारे 1,100 मीटर, आणि थंड हवा मानवते.

दुसरा दिवस सेमाडोहच्या रस्त्यासाठी राखावा. हा सागवानाचा प्रदेश म्हणजे मेळघाट, 1973-74 मध्ये घोषित झालेल्या देशातील पहिल्या व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. येथील कोरकू लोकांची भाषा मुंडा कुळातील असून मराठीपेक्षा अगदी वेगळी आहे. त्यांच्या गावांत अगोदर विचारूनच शिरावे आणि परवानगीवाचून छायाचित्रे घेऊ नयेत. जंगलफेरीचे आरक्षण वनविभागाकडे आधी करावे; पावसाळ्यात मात्र फेऱ्या बहुधा बंद असतात.