मुंबईच्या गॅलरीत पॉपी: दिवाळी ते होळी

बारमाही पॉपीचा हट्ट मी तीन हिवाळे धरला. नणंदेने मनालीहून ओरिएंटल पॉपीची रोपं आणून दिली होती. बोरिवलीतल्या आमच्या गॅलरीत ती नुसती पानांवर राहिली, एप्रिलात पिवळी पडली आणि पहिल्या पावसात मुळं कुजली. मूळची ती कॉकेशस, ईशान्य तुर्कस्तान, उत्तर इराणकडची. त्यांना कडाक्याची थंडी लागते. फुलून झालं की पानं वाळतात, मुळं जमिनीखाली विसावतात आणि तेव्हा ती कोरडी राहावी लागतात. नेमकं त्याच वेळी आपल्याकडे पाऊस कोसळत असतो.

म्हणून मुंबईत पॉपी हंगामीच लावावी. माझी पसंती शर्ली पॉपीला, ती एकाच हंगामात फुलून संपते. आइसलँड पॉपी नावाला बारमाही, पण तीही इथला उन्हाळा काढत नाही.

आधी एक सांगते, स्वयंपाकघरातली खसखस चुकूनही पेरू नका. ती अफूच्या, म्हणजे पॉपीच्याच एका जातीच्या, झाडाची असते आणि परवान्याशिवाय अफू लावणं १९८५च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गुन्हा आहे. हौसेचं एक रोपही नको.

ऑक्टोबरची उष्णता ओसरली, पहाटे चादर ओढावीशी वाटली की बी पेरा. मुळं सरळ खाली जातात आणि हलवलेलं त्यांना सोसत नाही, तेव्हा शेवटपर्यंत ठेवायच्या कुंडीतच पेरणी करा. कुंडी निदान १० इंच खोल हवी. लाल माती, वाळू आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) समप्रमाणात, वर दोन मुठी गांडूळखत. जास्त खत घातलं तर पानंच माजतात. बी रव्याहून बारीक, म्हणून चमचाभर कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरा. वर माती लोटू नका, त्याला उजेड लागतो. झारीने पाणी घातलंत तर सगळं बी एका कोपऱ्यात वाहून जाईल; फवाऱ्याने घाला.

दोनेक आठवड्यांत हिरवे केस दिसतात. विरळणी करताना माझा जीव तुटतो, पण करायलाच हवी: १० इंची कुंडीत तीनच रोपं. जास्तीची उपटू नका, शेजारच्यांची मुळं हलतात, कात्रीने कापा. पाणी सकाळीच. संध्याकाळी माती ओली राहिली की कोवळी रोपं बुडाशी कुजून मान टाकतात. ऊन मात्र पाच-सहा तास हवंच.

जानेवारीअखेर कळ्या येतात. लवदार कळी मान खाली घालून असते. ती वर ताठ झाली की दुसऱ्या दिवशी लवकर उठा. दोन हिरवी टरफलं गळतात आणि आतून चुरगळलेल्या रेशमासारख्या पाकळ्या उलगडतात. फुलदाणीत ठेवायचं असेल तर देठाचं टोक गॅसच्या ज्योतीवर काही सेकंद धरा. चीक थांबतो आणि फूल जास्त टिकतं.

होळीच्या सुमारास बोंडं वाळतात, हलवली की खुळखुळतात. झाकणाखालच्या भोकांतून बी मिठाच्या डबीसारखं सांडतं, म्हणून बोंड कापतानाच खाली कागद धरा. ते बी कागदी पुडीत, पुडी घट्ट झाकणाच्या बरणीत आणि बरणी फ्रिजमध्ये. बाहेर ठेवलेलं माझं बी एका पावसाळ्यात बुरशीने गेलं होतं.